देह सांभाळावा की काम सांभाळावे?

मृत्यूनंतर काय, हा प्रश्न धम्मदीक्षा घेतलेल्या घरांतून फार वेळा विचारला जातो. पिंडदान सोडले, कावळ्याचा घास सोडला, तेराव्याचे जेवण सोडले. तरी घरातले माणूस गेले की मन पुन्हा तेथेच घुटमळते. आपण त्याच्यासाठी काही करू शकत नाही काय? त्याला काही काळ तरी धरून ठेवता येणार नाही काय? हा प्रश्न अडाणीपणाचा नाही. तो दुःखातून आलेला आहे, आणि दुःखातून आलेला प्रश्न हसण्यावारी नेऊ नये.

याच प्रश्नाला गेल्या साठ वर्षांत पश्चिमेकडील काही सुशिक्षित माणसांनी एक विलक्षण उत्तर दिले आहे. माणूस मेल्याचे डॉक्टरांनी जाहीर करताच त्याचा देह गोठवावयाचा, उणे १९६ अंश सेल्सिअस इतक्या थंडीत तो ठेवावयाचा, आणि विज्ञान पुढे जाईल तेव्हा त्याला परत उठवतील अशी वाट पाहावयाची. या उद्योगाला क्रायोनिक्स म्हणतात.

डहाणू-तलासरीच्या माणसाला याच्याशी काय कर्तव्य, असे कोणी म्हणेल. कर्तव्य आहे. कारण यातली मुख्य मागणी थंडीची नाहीच. 'मी गेल्यावर शेकडो वर्षे कोणीतरी माझ्यासाठी एक काम न चुकता करीत राहावे' ही ती मागणी आहे. ही मागणी फार जुनी आहे, आणि तिचे पुढे काय होते याचे पुरावे आपल्याच मुलखात आहेत.

कल्पना कोठून आली?

ज्यांनी आपली गाय रेतनासाठी गुरांच्या सरकारी दवाखान्यात नेली असेल, त्यांनी हे शास्त्र डोळ्यांनी पाहिलेले आहे. डॉक्टर एका पिंपाचे झाकण काढतात, पांढरी वाफ बाहेर येते, आणि आतून एक बारीक नळी निघते. त्या पिंपात द्रवरूप नायट्रोजन असतो. नळीतले वळूचे वीर्य वर्षानुवर्षे तेथे टिकते आणि ऊब मिळताच पुन्हा जिवंत होते. फ्रान्समधील जाँ रोस्ताँ यांनी १९४६ मध्ये बेडकाच्या वीर्यावर असे प्रयोग केले. १९४९ मध्ये इंग्लंडमधील संशोधकांना ग्लिसरीनच्या साह्याने प्राण्यांचे वीर्य गोठवून पुन्हा सजीव करण्याची रीत सापडली. पुढे मानवी गर्भही असे ठेविले जाऊ लागले. १९९२ मध्ये गोठविलेल्या गर्भांपासून २०२२ मध्ये अमेरिकेत जुळी मुले जन्मली. हा चमत्कार नव्हे. हे सिद्ध झालेले विज्ञान आहे.

अमेरिकेतील भौतिकशास्त्राचे एक शिक्षक रॉबर्ट एटिंजर यांनी यावरून पुढची उडी घेतली. पेशी गोठवून परत मिळते, तर माणूस का मिळणार नाही? आज ज्याला आपण मृत्यू म्हणतो तो उद्याच्या डॉक्टरला दुरुस्त होण्याजोगा आजार वाटेल, असा त्यांचा युक्तिवाद होता. त्यांनी आपले पुस्तक १९६२ मध्ये स्वतःच्या खर्चाने काढले; १९६४ मध्ये ते मोठ्या प्रकाशकाकडून निघाले. १२ जानेवारी १९६७ रोजी जेम्स बेडफर्ड या कर्करोगाने गेलेल्या ७३ वर्षांच्या प्राध्यापकाचा देह कॅलिफोर्नियात गोठविण्यात आला. या रीतीने गोठविलेला तो पहिला माणूस.

पण नळीतला थेंब आणि माणसाचा देह यांत अंतर आहे. थेंब सगळा एकदम थंड होतो. देह तसा होत नाही. पेशींतल्या पाण्याचे बर्फ होते आणि बर्फाचे स्फटिक नाजूक भिंती फोडतात. हे टाळण्यासाठी आता रक्ताच्या जागी विशिष्ट द्रावण भरून देह काचेसारखा घट्ट करण्याचा प्रयत्न होतो. तरी आजपर्यंत असा गोठविलेला एकही माणूस परत उठलेला नाही, आणि त्याला उठविण्याची रीत कोणाला ठाऊक नाही. पुढे कधी ती सापडणारच नाही, असे छातीठोक सांगणेही शास्त्राला धरून होणार नाही. म्हणून तो वाद आपण बाजूला ठेवू आणि दुसऱ्या प्रश्नाकडे वळू.

पिंपात नायट्रोजन कोण ओतणार?

गुरांच्या दवाखान्यातले ते पिंप आपोआप थंड राहत नाही. नायट्रोजन हळूहळू उडून जातो. ठरावीक दिवसांनी तो भरावा लागतो. भरणारी गाडी आली नाही, तर आतल्या सर्व नळ्या फुकट. माणसाच्या पिंपाचेही तसेच. विज्ञान शंभर वर्षांनी येवो की तीनशे वर्षांनी. तोपर्यंत कोणीतरी माणूस, दर आठवड्याला, तेथे असावयास हवा.

प्रारंभीच्या मंडळींनी याचा विचार केला नाही. कॅलिफोर्नियातील चॅट्सवर्थ येथे एका दफनभूमीत जमिनीखाली खोली बांधून रॉबर्ट नेल्सन यांच्या संस्थेने देह ठेविले होते. खर्च नातेवाइकांनी वरचेवर द्यावयाचा होता. पहिली काही वर्षे पैसे आले. मग नातेवाईक थकले. काहींना शोक ओसरल्यावर तो खर्च जड झाला. पैसे थांबले, नायट्रोजन थांबला, आणि आतले देह सडले. असे नऊ देह होते. त्यांत एका आठ वर्षांच्या मुलीचाही होता. १९७९ मध्ये हे उघडकीस आले आणि १९८१ मध्ये प्रकरण न्यायालयात निकाली निघून मोठी भरपाई द्यावी लागली. १९७३ पूर्वी गोठविलेल्या माणसांपैकी आज एकटा बेडफर्ड शिल्लक आहे. तो कोणत्या संस्थेने राखला? संस्थांनी नव्हे. त्याच्या पत्नीने व मुलाने पदरचा पैसा आणि वेळ खर्चून पिंप एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी हलविले, म्हणून तो राहिला. १९८२ मध्ये तो अल्कोर या संस्थेकडे गेला.

या अनुभवातून पुढच्या संस्था शहाण्या झाल्या. १९७२ मध्ये निघालेली अल्कोर आणि १९७६ मध्ये एटिंजर यांनी मिशिगनमध्ये काढलेली क्रायोनिक्स इन्स्टिट्यूट सर्व पैसे आधीच घेतात. बहुतेक सभासद त्यासाठी आयुर्विमा उतरवितात. इन्स्टिट्यूटचा आकार २८ हजार डॉलर, तर अल्कोरचा संपूर्ण देहासाठी दोन लाख डॉलरहून जास्त आहे. त्यातला काही भाग गुंतवून त्याच्या व्याजावर नायट्रोजन भरावयाचा, अशी योजना आहे. अल्कोरने भूकंपाच्या भीतीने १९९४ मध्ये आपले ठिकाण कॅलिफोर्नियातून ॲरिझोनात हलविले. दोन्ही संस्था आजही चालू आहेत, हे मान्य केले पाहिजे. एटिंजर स्वतः २०११ मध्ये वारले; त्यांचाही देह त्यांच्या संस्थेत गोठविलेला आहे. उलट रशियात २००५ मध्ये निघालेल्या संस्थेच्या चालकांतच भांडण लागले आणि २०२१ मध्ये देहांची पिंपे ट्रकवर चढवून नेण्याचा प्रयत्न झाला; पोलिसांना मध्ये पडावे लागले.

मूळ रक्कम कायम, व्याजावर काम. ही युक्ती अमेरिकेने शोधलेली नाही. आपल्याकडे तिला दोन हजार वर्षांपूर्वी नाव होते. ते नाव अक्षयनीवी.

डहाणूचे नाव असलेला शिलालेख

नाशिकच्या लेण्यांत क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याचे लेख कोरलेले आहेत. इसवी सनाच्या पहिल्या-दुसऱ्या शतकातले ते आहेत. त्यांत त्याने ज्या नद्यांवर लोकांसाठी फुकट नावा ठेविल्या त्यांची यादी दिली आहे. पारदा, दमणा, तापी यांच्याबरोबर तेथे 'डाहणुका' हे नाव येते. अभ्यासक हे आपल्या डहाणूच्या नदीचे नाव मानतात. आपल्या गावाचा इतका जुना लेखी उल्लेख आपल्या मुलांना ठाऊक असावा.

त्याच उषवदाताने लेण्यात राहणाऱ्या भिक्खूंसाठी तीन हजार कार्षापणांची अक्षयनीवी ठेविली. दोन हजार विणकरांच्या एका श्रेणीकडे दरमहा शेकडा एक व्याजाने, एक हजार दुसऱ्या श्रेणीकडे शेकडा पाऊण व्याजाने. मुद्दल कधीही परत द्यावयाचे नाही. व्याजातून वीस भिक्खूंना वर्षावासात चीवरासाठी प्रत्येकी बारा कार्षापण द्यावयाचे. हिशेब चोख आहे. हेतू चांगला आहे. सरकारी नोंद आहे, आणि वर दगडावर कोरून ठेविले आहे.

आज ती श्रेणी कोठे आहे? ते कार्षापण कोठे आहेत? त्या व्याजाचे चीवर अखेरचे कोणी नेसले? काहीही उरलेले नाही. उरला आहे तो दगडावरचा लेख. 'अक्षय' म्हटलेले धन क्षय पावले आणि नुसते कोरलेले शब्द टिकले. का? कारण शब्दाला रोज कोणी काही घालावे लागत नव्हते.

आपल्याच जिल्ह्यातील सोपाऱ्यात हेच दिसते. १८८२ मध्ये पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी तेथील स्तूप उकरला. आत दगडी पेटी, पेटीत करंडक, एकात एक ठेविलेले. आणि अगदी आतल्या सोन्याच्या डबीत मातीच्या भिक्षापात्राचे तुकडे. कित्येक शतके तेथे एकही भिक्खू नव्हता, दिवा नव्हता, ट्रस्ट नव्हता. तरी ते तुकडे राहिले. सम्राट अशोकाच्या शिलालेखांचे तुकडेही सोपाऱ्यालाच मिळाले. दगड आणि माती काही मागत नाहीत. म्हणून विसरले गेले तरी टिकतात.

मग ज्याला रोज चाकरी लागते, असे काही टिकतच नाही काय? टिकते. त्याचाही पुरावा जवळच आहे.

बहरोटच्या डोंगरातील अग्नी

घोलवड-बोर्डीच्या बाजूला बहरोटचा डोंगर आहे. इराणातून आलेल्या पारशी लोकांनी पलीकडे संजाणला आपला पवित्र अग्नी, इराणशाह, स्थापिला होता. संजाण पडले तेव्हा त्यांनी तो अग्नी उचलून या डोंगरातील लेण्यांत आणिला, आणि परंपरा सांगते की बारा वर्षे तो येथे जपला. तेथून वांसद्याला, मग नवसारीला, मध्ये सुरतेस, पुढे बलसाडला आणि १७४२ मध्ये उदवाड्यास. तो आजही तेथे तेवतो आहे. दिवसाच्या पाचही प्रहरी त्याला लाकूड घातले जाते. उदवाड्याच्या नऊ पुरोहित घराण्यांत ही पाळी फिरते. पारशी परंपरेप्रमाणे हे हजार वर्षांहून जास्त काळ चालले आहे.

नायट्रोजनच्या पिंपासारखेच हे काम. एक दिवस चुकला की संपले. मग अग्नी राहिला आणि चॅट्सवर्थचे देह का राहिले नाहीत? मला तीन कारणे दिसतात.

पहिले, अग्नी हलविता येत होता आणि तो हलविण्यास माणसे तयार होती. संकट आले तेव्हा त्यांनी इमारत धरून ठेविली नाही. नवसारीच्या पुरोहितांशी वाद झाला तेव्हाही अग्नी दुसरीकडे गेला, विझला नाही.

दुसरे, काम एका माणसावर नव्हते. ते घराण्यांत वाटलेले होते, आणि मुलगा बापाशेजारी बसून ते शिकत होता.

तिसरे, आणि सर्वांत मोठे: अग्नी जिवंत माणसांच्या उपयोगी पडत होता. त्याच्यापुढे लग्नानंतर जोडपी येत, दुःखात माणसे येत, विखुरलेला समाज एकत्र येत होता. लाकूड घालणाऱ्याला त्याच दिवशी काहीतरी मिळत होते. गोठविलेला देह मात्र फक्त मागतो. देणे काय ते तीनशे वर्षांनंतर, आणि तेही स्वतःलाच.

येथे आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. ज्या समाजाने एक अग्नी इतकी शतके राखला, त्याने आपल्या मृतांचे देह मात्र कधी राखले नाहीत. ते दोखम्यात गिधाडांना दिले. देह जाऊ द्यावा आणि काम चालू ठेवावे, हे त्यांनी करून दाखविले. त्या समाजाची श्रद्धा आपली नाही. पण हे शहाणपण कोणीही घ्यावे. आणि तोही अग्नी कायमचा आहे असे समजू नये. २०११ च्या शिरगणतीत भारतात पारशी ५७,२६४ उरले होते. लाकूड घालणारे हात कमी झाले की कोणताही अग्नी विझतो. सर्व संस्कार अनित्य आहेत, हे तेथेही लागू आहेच.

मागणी न्याय्य आहे काय?

आता नीतीचा प्रश्न. क्रायोनिक्सवाल्यांचे एक म्हणणे नीट ऐकून घेतले पाहिजे. ते म्हणतात, आम्ही आधीच्या देहांची सेवा करतो, कारण आमचीही सेवा पुढचे करतील. ही परस्परांची साखळी आहे. शिवाय जगण्याची इच्छा हा गुन्हा आहे काय? २०१६ मध्ये इंग्लंडमध्ये कर्करोगाने मरणाऱ्या चौदा वर्षांच्या एका मुलीने आपला देह गोठवावा म्हणून न्यायालयाकडे दाद मागितली आणि तिच्या इच्छेप्रमाणे होऊ दिले गेले. त्या मुलीला कोण दोष देईल? मी देणार नाही. औषध घेणारा प्रत्येक जण जगण्यासाठीच घेतो.

पण औषधाचे बिल आजारी माणूस किंवा त्याचे घर भरते. येथे काम करावयाचे आहे ते अजून जन्मास न आलेल्यांनी. त्यांना कोणी विचारले नाही. त्यांच्या काळी दुष्काळ असेल, युद्ध असेल, त्यांचे स्वतःचे आजारी असतील. तरी त्यांनी आपल्या पिंपाकडे पाहावे! पुढच्या पिढीसाठी चिकूचे झाड लावणाराही भविष्याशी संबंध जोडतो. पण झाडाला पाणी घालणाराच त्याचे फळ खातो. एक संबंध देण्याचा आहे, दुसरा घेण्याचा.

न जन्मलेल्यावर बोजा टाकणे म्हणजे काय, हे या भागाला शिकविण्याची गरज नाही. येथे लग्नगडी होते. लग्नाच्या एका दिवसासाठी सावकाराकडून घेतलेल्या पैशापायी वारली माणूस आणि त्याची बायको वेठीस बांधली जात, आणि तो बोजा मुलांच्या डोक्यावर येई. १९४५ च्या मे महिन्यात तलासरीजवळ झरी येथे गोदावरी परुळेकर व शामराव परुळेकर यांच्या किसान सभेच्या परिषदेत वारल्यांनी ही वेठ मोडण्याचा निर्धार केला आणि ती मोडली. बापाने केलेला करार मुलाला बांधतो कसा, हा त्या लढ्याचा प्रश्न होता. तो प्रश्न धनवानाच्या पिंपालाही विचारता येतो.

आणि हे केवळ परदेशातील धनवानांचे नाही. पंजाबात नूरमहल येथील आशुतोष महाराज यांना २९ जानेवारी २०१४ रोजी डॉक्टरांनी मृत ठरविले. अनुयायांनी ते समाधीत आहेत असे सांगून देह शीतपेटीत ठेविला. डिसेंबर २०१४ मध्ये उच्च न्यायालयाने अंत्यसंस्काराचा आदेश दिला. २०१७ मध्ये त्याच न्यायालयाच्या खंडपीठाने देह ठेवू दिला. एकीकडे विज्ञानाचे नाव, दुसरीकडे समाधीचे. दोन्हीकडे पकड तीच. गेलेल्याला जाऊ द्यावयाचे नाही. याला तृष्णा म्हणावे, आणि ती पदवीधराला सोडते असे नाही.

तथागतांनी काय ठेविले?

परिनिब्बानापूर्वी आनंदाने विचारले, आपल्या देहाचे आम्ही काय करावे? तथागतांनी भिक्खूंना सांगितले की त्याची काळजी तुम्ही वाहू नका, तुम्ही आपल्या साधनेकडे लक्ष द्या. वारस नेमला नाही. धम्म आणि विनय हेच पुढे शास्ते असतील असे सांगितले. आणि संघ टिकावा कसा, याचे सात नियम दिले. वारंवार एकत्र जमावे, एकोप्याने जमावे, एकोप्याने उठावे आणि एकोप्याने काम करावे, ठरलेले नियम मोडू नयेत, वडीलधाऱ्यांचे ऐकावे, अशा धर्तीचे ते नियम आहेत. त्यांत निधी नाही, वास्तू नाही, देह नाही. माणसांचे वागणे आहे. रोजच्या रोज करावयाचे ते काम आहे, आणि करणाऱ्याला त्याचे फळ त्याच दिवशी मिळते.

बाबासाहेबांनीही हेच केले. ६ डिसेंबर १९५६ ला ते गेले. ७ तारखेला दादरला लाखोंच्या समोर त्यांच्या देहाला अग्नी दिला गेला. त्यांनी मागे ठेविले ते १९४५ ची पीपल्स एज्युकेशन सोसायटी, १९५५ ची भारतीय बौद्ध महासभा, आणि धम्मग्रंथ. त्यांना रोज हात लावावा लागतो; लावला नाही तर त्याही थंड पडतील.

आपल्या घरी काय करावे?

घरातले माणूस गेले तर शोक करावा; तो आवरून धरू नये. पण शोकापोटी कर्ज काढू नये. वीटभट्टीची आगाऊ उचल घेऊन पुण्यानुमोदनाला दोनशे पाने वाढणे म्हणजे जुने तेरावे नव्या नावाने घालणे होय. पाच माणसे बसावीत, अनित्यतेची गाथा म्हणावी, गेलेल्याने कोणते चांगले काम अर्धवट ठेविले ते विचारावे आणि ते कोण पुढे नेणार हे त्याच बैठकीत ठरवावे. डोळे द्यावयाचे असतील तर लगेच कळवावे, कारण ते सहा तासांच्या आत काढावे लागतात; त्या देहातून देता येईल असे ते एक खरे दान आहे. शाळेत जाणारे पोर असेल तर वाचलेला पैसा त्याच्या वहीपुस्तकाला जावा.

आणि पाड्यावर विहार बांधला असेल, तर संगमरवरापेक्षा पुढील गोष्टी आधी पाहाव्यात. दर रविवारी कोणी येते काय? हिशेबाची वही दोन माणसांना ठाऊक आहे काय? किल्ली एकाच घरात आहे, की पाळीने फिरते? वंदना घेणाऱ्याच्या शेजारी बसून कोणी पोर शिकते आहे काय? याची उत्तरे होकारार्थी असतील तर विहाराचे छप्पर उडाले तरी तो राहील. दुसऱ्या झोपडीत भरेल. नकारार्थी असतील, तर विहार उभा असूनही त्यातला नायट्रोजन उडून चाललेला आहे असे समजावे.

गेलेल्या माणसाला आपण धरून ठेवू शकत नाही. त्याचे काम धरून ठेवू शकतो, आणि तेही एकट्याने नव्हे. म्हणून येत्या रविवारी विहारात जाताना प्रत्येक उपासकाने व उपासिकेने शेजारच्या घरातील एक मूल बरोबर न्यावे.